नेपरविलचा मंगळवार

शिकागोहून आलेलं पत्र लांब आहे, म्हणून ओळख पटेल असं सगळं वगळून गोषवारा देते. पत्रलेखिका ३४ वर्षांच्या, माहेर-सासर दोन्ही सांगलीकडचं. बँकेतली नऊ वर्षांची नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी त्या नवऱ्यापाठोपाठ शिकागोला गेल्या. व्हिसा डिपेंडंट, त्यामुळे काम करायची परवानगी नाही. मुलगी सहा वर्षांची, जवळच्याच सरकारी शाळेत किंडरगार्टनला. घर शहराच्या उत्तर भागात, शहराच्या ट्रेनच्या ब्राउन लाइनवरच्या वेस्टर्न स्टेशनच्या आसपास, तीन मजली जुन्या इमारतीत सगळ्यात वर, भाड्याचं. नवऱ्याला आठवड्यातून तीन दिवस डाउनटाउनच्या ऑफिसात जावं लागतं. गाडी एकच, आणि ती नवराच चालवतो.

त्या लिहितात, हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो आणि रडू येतं. घरात स्वेटर घालून बसावं लागतं. शेजारी 'हाय, हाऊ आर यू' म्हणतात आणि उत्तराला न थांबता निघून जातात. बातम्यांत रोज गोळीबार. एका सकाळी एकाएकी भोंगे वाजू लागले तेव्हा त्या चपलेनिशी मुलीच्या शाळेकडे धावल्या. खालच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी खिडकीतून हातवारे करून काहीतरी ओरडत होत्या, 'टेस्ट, टेस्ट' असं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आणि हळदीकुंकवाला भेटलेल्या मैत्रिणी सगळ्या नेपरविल, अरोरा, शॉमबर्ग या शिकागोबाहेरच्या उपनगरांतल्या, म्हणजे सबर्बांतल्या. "शहरात काय राहता, इकडे या, इथं सगळे आपलेच," असं त्या म्हणतात. नवऱ्यालाही नेपरविलला घर घ्यायचंय. भाडेकरार ३० एप्रिलला संपतोय. सासूबाईंचं म्हणणं, करमत नसेल तर मुलीला घेऊन सरळ परत ये. प्रश्न असा: "नेपरविलला जाऊ, की सांगलीला?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या प्रश्नात दोन गावं आहेत आणि ज्या गावात तुम्ही राहता ते त्यात नाही. दीड वर्ष राहून तुम्ही शिकागोला उमेदवारसुद्धा धरलं नाहीत, म्हणून त्याची बाजू मी मांडते. मी तटस्थ नाही हे आधीच कबूल करते. १९९४ ते २००७ मी त्याच शहरात राहिले, तुमच्याहून थोडं वर, रॉजर्स पार्कात. आणि पहिला हिवाळा मीही खिडकीत बसूनच काढला.

आधी तारखेचं बोलू. पत्र फेब्रुवारीतलं आहे. उपाशीपोटी बाजारहाटाला जाऊ नये, तसं शिकागोत फेब्रुवारीत घराचा निर्णय घेऊ नये. डिसेंबरात तिथं साडेचारच्या आत सूर्य मावळतो, जानेवारीतल्या साध्यासुध्या रात्री पारा शून्याखाली सात-आठ अंश असतो आणि एखाद्या वर्षी तो ताळतंत्र सोडतो. ३० जानेवारी २०१९ ला तो उणे ३० च्याही खाली गेला होता. कृष्णाकाठच्या माणसाला यात रडू आलं तर त्यात स्वभावाचा दोष नाही, पण शहराचाही निकाल त्यावर लावू नका. मात्र रडू रोज येत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. ऋतूबरोबर येणाऱ्या या उदासीवर तिथले डॉक्टर सर्रास उपचार करतात, सकाळी खास दिव्यासमोर बसायलाही सांगतात. लाजू नका, कितीतरी लोक त्यातून जातात.

आणि घरात स्वेटर कशासाठी? भाड्याच्या घरात उष्णता मालकाच्या ताब्यात असेल तर १५ सप्टेंबर ते १ जून दिवसा किमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, आणि रात्री ६६ फॅरनहाइट ठेवणं हा शिकागोत कायदा आहे. भिंतीवर साधं थर्मामीटर लावा. त्याहून कमी दिसलं तर मालकाला लेखी कळवा, आणि नाहीच ऐकलं तर शहराचा ३११ नंबर आहे. आपल्या बायका परदेशात मालकाला बोलायला बिचकतात आणि कुडकुडत बसतात. हे मी अनेक पत्रांत वाचलंय.

बर्फाला ते शहर किती गंभीरपणे घेतं याची एक गोष्ट सांगते. १९७९ च्या जानेवारीत प्रचंड बर्फ पडला, रस्ते दिवसेंदिवस साफ झाले नाहीत, आणि पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर बिलँडिक पडले. त्यांना हरवणाऱ्या जेन बर्न शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. तेव्हापासून प्रत्येक महापौराचं नशीब नांगर लावलेल्या ट्रकांवर टांगलेलं असतं. गल्लीत मात्र आपापलं फावडं आपल्या हाती. तुम्ही पाहिलं असेल, कुणी तासभर खपून गाडीपुरती जागा मोकळी करतो आणि जाताना तिथं मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, काहीही ठेवून जातो. त्याला 'डिब्ज' म्हणतात. नियमात बसत नाही, तरी सगळे पाळतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. मला पहिल्या हिवाळ्यात ती खुर्ची दिसली आणि पहिल्यांदा वाटलं, अरे, ही माणसं आपल्याला कळण्यातली आहेत.

आता शेजारी. 'हाऊ आर यू' हा प्रश्न नाही हो, तो रामराम आहे. वाटेत कुणी 'काय, झालं का जेवण?' म्हटलं तर आपण त्याला आमटीत काय घातलं होतं ते सांगत बसत नाही. मिडवेस्टची, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या उत्तर पट्ट्यातली, माणसं हसतमुख असतात, दार धरून उभी राहतात, धक्का तुम्ही मारला तरी सॉरी तेच म्हणतात. पण घरात घ्यायला वेळ लावतात. न्यूयॉर्ककर एका रात्रीत आयुष्याची कहाणी सांगून मोकळा होईल, शिकागोकर दोन वर्षं हवापाण्यावर बोलेल. एकदा आत घेतलं की मात्र निघताना मांडीवर थाप मारून 'वेल...' म्हणून उठतात, मग दारात वीस मिनिटं, मग गाडीपाशी पंधरा. हे कुठं पाहिल्यासारखं वाटतं ना?

तुमच्या पत्रात एक माणूस तीनदा येऊन गेलाय आणि तुमचं लक्ष नाही. भोंग्याच्या दिवशी ज्या आजी हातवारे करत होत्या, त्या तुम्हाला सांगत होत्या की ही चाचणी आहे, घाबरू नकोस. शिकागोत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाचे भोंगे वाजवून बघतात. हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. मीही पहिल्यांदा न्हाणीघरात लपले होते. दुसरं: बर्फ पडला त्या सकाळी तुमच्या पायऱ्यांवर कुणीतरी बर्फ वितळायला मीठ टाकून गेलं होतं, 'कोण ते कळलं नाही' असं तुम्ही लिहिता. तीन मजल्यांची इमारत. मधल्या मजल्यावरचे लोक रात्रपाळीला असतात, हेही तुम्हीच लिहिलंय. मग उरलं कोण? आणि तिसरं, त्यांनी ताटलीतून आणून दिलेले 'जॅम भरलेले तळलेले गोळे', जे तुम्ही अंड्याच्या शंकेनं टाकून दिले. ती पोंचकी. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास सुरू व्हायच्या आधी घरातलं तूप-साखर-अंडी संपवायला करायचा हा पोलिश पदार्थ. पोलंडात तो गुरुवारी खातात. शिकागोत पोलिश वस्ती इतकी जुनी आणि दाट की गुरुवारीही खातात आणि उपासाच्या आदल्या मंगळवारी तर बेकरीबाहेर पहाटेपासून रांगा लागतात. अंडं त्यात असतंच, कधी चरबीतही तळतात, तेव्हा खाल्ली नाहीत यात वावगं काही नाही. पण ताटली? ती 'अजून ओट्यावर पडून आहे' असं तुम्ही ओघात लिहिलंत. सांगलीत शेजारणीचं भांडं तीन आठवडे ओट्यावर राहिलं असतं का?

माझ्या आईनं आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. तुमच्याकडे बहुतेक असाच नियम असणार. तो विमानतळावरच राहून गेला.

हे मी टोचून बोलत नाही. १९९५ चा जुलै मला आठवतो. शिकागो म्हटलं की थंडी, पण त्या शहरात माझ्या देखत सगळ्यात जास्त माणसं उन्हानं मेली. पारा ४१ अंशांवर गेला, वीज गेली, आणि काही दिवसांत ७०० हून अधिक लोक दगावले. त्यातले कितीतरी म्हातारे, एकेकटे राहणारे, चोरीच्या भीतीनं खिडक्या बंद करून बसलेले. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा होते. माझी शेजारीण, मेक्सिकोची, त्या आठवड्यात रोज दोनदा त्यांचं दार वाजवायची आणि ओला टॉवेल देऊन यायची. मी वरून बघत होते. चौथ्या दिवशी तिनं मलाच हाक मारली, तू जा, मला कामावर जायचंय. तिथून माझं शिकागो सुरू झालं. म्हणजे त्या शहरात राहून मला दहा महिने झाले होते, आणि तोवर मी कुणाचंच दार वाजवलं नव्हतं.

आता नेपरविल. गाव छान आहे. दीड लाखाच्या आसपास वस्ती, शाळा खरोखर चांगल्या, लायब्ररी उत्तम, नदीकाठी फिरायला सुरेख वाट, भारतीय कुटुंबं भरपूर. अरोऱ्याचं बालाजी मंदिर जवळ. माझ्या ओळखीची माणसं तिथं पंचवीस वर्षं सुखानं राहतायत. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ जुनं आहे, उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना जोडणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचा जन्मही १९८१ साली शिकागोतलाच, आणि आजचं बहुतेक मराठी जग त्या सबर्बांतच भेटतं. त्याबद्दल मला एक शब्दही वाईट बोलायचा नाही.

पण तुम्ही नेपरविल कधी पाहिलंत? गणपतीत पाहिलंत. हळदीकुंकवाला पाहिलंत. म्हणजे शनिवारी पाहिलंत, नवऱ्याच्या गाडीतून उतरून, पैठण्यांच्या गर्दीत, साबुदाणा खिचडीच्या वासात. आणि त्याची तुलना कशाशी करताय? तुमच्या घरातल्या मंगळवारी दुपारच्या दोनशी. अशा तुलनेत कुठलंही शहर हरेल. सांगलीसुद्धा हरेल.

तेव्हा माझी एक सूचना आहे, आणि बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा. त्या मैत्रिणींतल्या जिच्याशी मोकळं बोलता येतं तिला म्हणा, मला सोमवारी रात्री मुक्कामाला येऊ दे. मुलीची एखाद-दोन दिवस किंडरगार्टन बुडेल, बुडू दे. मंगळवारी सकाळी मैत्रीण कामावर गेली, तिची मुलं पिवळ्या बसमध्ये चढली, की नऊ वाजल्यापासून ते घर तुमचं. मुलीला घेऊन दूध आणायला पायी निघा. किती मिनिटं लागतात, फूटपाथ कुठवर आहे, रस्ता ओलांडायला कुठे मिळतो, हे बघा. वाटेत किती माणसं भेटली ती मोजा. समोरच्या घराचं गॅरेजचं दार वर जाईल, गाडी आत शिरेल, दार खाली येईल. आत मराठीच माणूस असेल कदाचित, पण तुम्हाला दिसणार नाही. संध्याकाळी मैत्रीण दमून येईल, मुलांना क्लासला सोडेल, स्वयंपाक करेल. शनिवारी तुमच्याशी तीन तास बोलणारी हीच बाई मंगळवारी तुम्हाला किती वाट्याला येते, तेही कळेल. आणि हे सगळं बघूनही वाटलं की मला हे आवडतंय, हिरवळ आवडतेय, शांतता आवडतेय, तर मग जरूर जा, माझ्याकडून आहेर घेऊन जा.

पण जायचं असलं तरी आधी लायसन्स. या क्रमात मी तडजोड करणार नाही. गाडी न चालवणारी बाई नेपरविलमध्ये शनिवारची वाट बघत बसते. म्हणजे नवरा आठवड्यातून तीन दिवस गाडीनं स्टेशनवर जाणार, तिथून मेट्रा या उपनगरी रेल्वेनं डाउनटाउनच्या युनियन स्टेशनला, जायला-यायला धरून दिवसाचे अडीच-तीन तास जाणार, आणि गाडी दिवसभर स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी. तुम्ही घरात. म्हणून दुसरी गाडी, तिचा विमा, तिचं पेट्रोल हे सगळं घराच्या हप्त्यात आत्ताच धरा. आणि मालमत्ता कर. इलिनॉयचा हा कर अमेरिकेतल्या सगळ्यात चढ्या करांपैकी आहे, आणि बिल वर्षभर मागून येतं, त्यामुळे पहिल्या वर्षी घर स्वस्त वाटतं. नवऱ्याला हिशेब आवडत असावा, पत्रावरून तसं दिसतं; तुम्हीही नऊ वर्षं बँकेत होतात. मग या विषयावर तुमच्या घरात रडून का बोललं जातं? कागद काढा, दोघं बसा, आणि तुमचे तासही त्या कागदावर लिहा. नवरा काही तुमचा शत्रू नाही. त्याला वाटतंय, बायको रडतेय, घर घेऊन दिलं की थांबेल. असं वाटणारे पुष्कळ भले नवरे मी पाहिलेत.

खरं तर दोन टोकांच्या मध्ये जागा आहे, तिचा विचार तुमच्या घरात झालेलाच दिसत नाही. इव्हॅन्स्टन, स्कोकी, ओक पार्क ही शहराला खेटून असलेली वेगळी गावं. तिथं शहराचीच 'एल' ट्रेन जाते: इव्हॅन्स्टनला पर्पल, स्कोकीला यलो, ओक पार्कला ग्रीन आणि ब्लू. शाळा गावाच्या, झाडी सबर्बाची, आणि भाजी आणायला पायी जाता येतं. घरं मात्र महाग आहेत, ते लपवत नाही. कुठंही जा, पहिलं वर्ष भाड्यानं राहा. विकत घेतलेलं घर परत करता येत नाही, आणि तुम्ही अजून त्या देशातला दुसरा उन्हाळासुद्धा पुरा पाहिलेला नाही.

गोळीबाराचं. शिकागोत गोळीबार होतात, हे खरं आहे, आणि गुंडांचा म्होरक्या अल कपोन याच्यापासून त्या शहराच्या नावाला बंदूक चिकटलीय. पण २७ लाखांच्या शहरात तो सगळीकडे सारखा होत नाही. दक्षिण आणि पश्चिम भागातल्या काही वस्त्यांना त्याची झळ फार मोठी बसते, बाकी शहर बरंचसं बातम्यांतूनच ऐकतं. त्या वस्त्या तशा का झाल्या यालाही इतिहास आहे. विसाव्या शतकात दक्षिणेच्या राज्यांतून लाखो काळी कुटुंबं कामासाठी तिथं आली. त्यांना ठरावीक भागाबाहेर घर मिळू नये म्हणून खरेदीखतातच अटी लिहिल्या जायच्या, बँका त्या भागांवर नकाशात लाल रंग मारून कर्ज नाकारायच्या. मग कत्तलखाने आणि पोलाद गिरण्याही बंद पडल्या. 'साउथ साइडला फिरकू नका' असं कुणी मंडळात पटकन म्हणतं तेव्हा मला आपलं गावकूस आठवतं. शिकागो विद्यापीठाचं हाइड पार्क दक्षिणेलाच आहे, चायनाटाउनही. सावधगिरी हवीच: रात्री उशिरा ट्रेनमध्ये चालकाच्या डब्यात बसा, फोन हातात मिरवू नका, रिकामा डबा दिसला तर मोह आवरा. तुमच्या पत्रातल्या भागात भर दुपारी लायब्ररीत न जाण्याचं कारण मात्र बातम्यांत नाही.

आणि लायब्ररीचं निघालं म्हणून. तुमच्या घरापासून सल्झर लायब्ररी चालत जाण्यासारखी आहे, आणि रस्त्यापलीकडे समोरच वेल्स पार्क. तिथल्या पार्कांच्या इमारतींत पोहणं, मुलांचे वर्ग, बायकांचा व्यायाम असं सगळं खासगी क्लासच्या मानानं अगदी थोडक्या पैशात चालतं. दीड वर्षात तुम्ही तिथं एकदा गेलात, 'वॉशरूमसाठी'. हे वाचून मी हसले, माफ करा.

शिकागोइतकं न हरवणारं मोठं शहर मला दुसरं माहीत नाही. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते डाउनटाउनमध्ये छेदतात, तो शून्य. तिथून उत्तरेला घरांचे आकडे ८०० नी वाढले की एक मैल झाला. तुमचं घर ४७०० च्या आसपास, भारतीय दुकानांचा देवॉन अॅव्हेन्यू ६४००. बँकेतल्या बाईला वजाबाकी काय सांगायची: दोन मैलांहून थोडं जास्त. वेस्टर्न रस्त्यानं सरळ वर, स्टेशनपासूनच ४९-बी बस मिळायची आमच्या वेळी. आणि ती उतरवते कुठं, तर थेट जिथं आपली दुकानं सुरू होतात तिथं. भारतीय किराणा विकणाऱ्या पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली देवॉनवरच निघालं. रस्त्याच्या एका तुकड्यावर गांधी मार्गाची पाटी, थोडं पुढे जिनांच्या नावाची, आणि दोन्हीखाली तीच माणसं कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून बघतायत. मराठी कमी ऐकू येईल. हैदराबादी हिंदी, गुजराती, उर्दू ऐकू येईल. कढीपत्ता मिळेल, अळूची पानं मिळतील, आणि मुख्य म्हणजे एकटीनं जाऊन, नवऱ्याच्या शनिवारची वाट न बघता, पिशवी भरून परत येता येईल. एकदा जाऊन आलात की पुढच्या आठवड्यात ते शहर तुम्हाला तेच वाटणार नाही, एवढं छातीठोक सांगते.

दुसरं एक ठिकाण, खास फेब्रुवारीसाठी. ग्रीन लाइनवर कॉन्झर्व्हेटरी नावाचंच स्टेशन आहे. तिथं गारफील्ड पार्कात काचेचं भलंमोठं वनस्पतिगृह १९०८ पासून उभं आहे. शहरात राहणाऱ्यांना मोफत, फक्त जाण्याआधी वार आणि वेळ बघून घ्या. बाहेर उणे दहा, आणि आत दार ढकललं की चष्म्यावर वाफ धरते. नेच्यांच्या दालनात पाणी ठिबकत असतं, दगडांवर शेवाळं, माड, केळी, आणि माझ्या माहेरी गुहागरला पहिल्या पावसानंतर परसात यायचा तो वास. मी तिथं एका बाकावर बसून पोटभर रडले होते. घरात रडण्यापेक्षा ते बरं होतं. शेजारच्या बाकावरच्या बाईनं टिश्यू दिला आणि काही विचारलं नाही. (हा परिसरही बातम्यांतल्या यादीतला आहे. दिवसा जा, मुलीला घेऊन जा.)

सांगलीचं शेवटी घेतलं, कारण तो पर्याय मला सगळ्यात कमी पटतोय, पण हसण्यावारी नेत नाही. तुम्ही आजही निम्म्या सांगलीतच राहताय. स्वयंपाकघरात भारताचं घड्याळ, रात्री साडेआठला आईला फोन, तिकडे सकाळचे आठ, मग दुपारी बहीण झोपायच्या आधी पुन्हा एक, आणि दुधाच्या भावापासून सगळं ठाऊक. आई हवीच. पण भारताचं घड्याळ मुलीच्या खोलीत तरी लावू नका, तिला दुसऱ्या दिवशी शिकागोत उठायचं असतं. परत जायचं तर दोघांनी मिळून, ठरवून जा; बँकेतली खुर्ची आता दुसऱ्या कुणाची आहे, आणि बाप शिकागोत, लेक सांगलीत ही मांडणी सासूबाईंना वाटते तितकी सोपी नसते.

तुमच्या पत्रात खरी बोच मला एका वाक्यात दिसली: 'इथं मी कुणाचीच कोण नाही.' नऊ वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईला लोक नावानं ओळखत होते. ते नेपरविलला गेल्यानं परत येत नाही. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नसली तरी शिकता येतं; शहराची सात कम्युनिटी कॉलेजं आहेत, त्यातलं एक डाउनटाउनमध्ये ब्राउन लाइनच्या वाटेवरच. अकाउंटिंगचा एक वर्ग घ्या, मुलगी शाळेत असते त्या वेळेतला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं करायचा आय-१४० हा अर्ज मंजूर झालाय का, तेही विचारा. झाला असेल तर तुम्हाला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येण्याची शक्यता आहे, त्यासाठी वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको. फुकट काम करतानाही जपून. जे काम एरवी पगारी असतं ते नुसतं 'मदत म्हणून' करणं व्हिसाच्या नियमात अडकू शकतं. मुलीच्या शाळेत गोष्टी वाचून दाखवायला मात्र पालकांना बोलावतात. तिच्या बाई चांगल्या आहेत असं लिहिलंत, त्यांनाच विचारा.

करार संपायला दोन महिने आहेत. मालकाला आत्ताच विचारून ठेवा, वर्षाऐवजी सहा महिन्यांनी वाढवता येईल का. ऑक्टोबरपर्यंतची मुदत मिळाली तर एक पुरा उन्हाळा हाती येतो. मिशिगन तळ्याकाठी १८ मैलांची चालायची वाट आहे, मे उजाडला की सगळं शहर तिथं येऊन पडतं. दुसरा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त खारा वास नाही. मला त्याची सवय व्हायला चार उन्हाळे लागले. आणि तुमच्या इमारतीच्या मागे लाकडी जिने आणि गॅलऱ्या असतील, करड्या रंगाच्या, गल्लीकडे तोंड केलेल्या. उन्हाळ्यात लोक तिथं खुर्च्या टाकून बसतात, वरचे खालच्यांशी बोलतात, कुणीतरी बीअर उघडतं, कुणीतरी कपडे वाळत घालतं. गिरगावातल्या चाळीत वाढलेली माझी वहिनी भेटीला आली होती, तिला अख्ख्या अमेरिकेत तेवढीच एक गोष्ट आवडली.

ताटलीचं मात्र मेपर्यंत थांबवू नका. नारळाच्या वड्या करा, त्यात अंडं नसतं आणि म्हाताऱ्या दातांना चालतात. दार उघडायला त्यांना वेळ लागेल, वाजवून निघून येऊ नका. चिवडा देणार असाल तर शेंगदाण्याचं आधी विचारून घ्या. तिकडे पुष्कळांना त्याची अॅलर्जी असते.